खालून दुसरं बटण

कोणी भोक पडलेला कोट घेऊन आलं की रफूवाले काका आधी सुईला हात लावत नसत. कोट टेबलावर पसरायचा, दिवा खाली ओढायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि भोकाच्या कडा बघत बसायचं. कसर लागलेली असली की कडा वेड्यावाकड्या, कुरतडलेल्या दिसतात आणि जवळपास आणखी दोन-तीन बारीक खुणा सापडतात. ठिणगीचं भोक गोल आणि कडेला कडक असतं. खिळ्याने फाटलं असेल तर एका अंगाचे धागे ताणून लांबलेले दिसतात. बॅटरीतल्या पाण्याचा थेंब उडाला असेल तर भोक एवढंसं असतं, पण आजूबाजूचं कापड बोट लावताच सुटत जातं. तिथे रफू करायला बसणं म्हणजे वाळूत खुंटी ठोकणं. म्हणून आधी कारण, मग सुई. चाळीस वर्षांत त्यांनी हा क्रम कधी मोडला नव्हता.

गिऱ्हाईक काय सांगतं, त्यावर त्यांचा भरवसा नसे. ‘दाराच्या खिळ्याला अडकलं हो,’ असं म्हणणाऱ्याच्या बाहीवर सिगारेटचा डाग असायचा आणि शेजारी त्याची बायको उभी असायची. काका मान डोलवायचे आणि कपड्याला टाचायच्या चिठ्ठीवर, ‘कारण’ या शब्दापुढे, ‘खिळा’ असं लिहून टाकायचे. कशाला कोणाचा संसार उसवायचा. गिऱ्हाईक निघून गेलं की मात्र शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याकडे बघून म्हणायचे, “माणूस खोटं सांगतो...” आणि चष्मेवाला काचा पुसता पुसता पुढचं म्हणून टाकायचा, “...कापड खरं सांगतं. ऐकलंय काका. आता नवीन काहीतरी काढा.”

दुकान जिन्याखाली होतं आणि घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दीड वर्षापूर्वी बायको गेल्यापासून घरात काका आणि मांजर अशी दोघंच होती. मांजर बायकोचं. राखाडी पाठ, पांढरं पोट आणि चालण्यात असा काही तोरा की बायकोने पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘बाईसाहेब’ ठेवलं. अकरा वर्षं ती कधी दाराबाहेर गेली नव्हती. खिडकीतून जेवढं जग दिसे तेवढं तिला पुरत असे. काकांशी तिचं भांडण नव्हतं, पण घसटही नव्हती. बायको हसून म्हणायची, “तुम्ही दोघं म्हणजे एका घरातले दोन भाडेकरू. जिन्यात भेटलात तर ओळख दाखवता, एवढंच.”

बायको आजारी पडली असं म्हणायलाही फारसा वेळ मिळाला नाही. पोटात रोग होता. कळला तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले आणि पाच आठवड्यांत सगळं आटोपलं. पण त्याआधीचं वर्षभर ती हळूहळू खंगत चालली होती, हे काकांनी पाहिलं होतं. जेवणावरून मन उडालं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत तासन् तास बसून राहायची. एकुलती एक लेक नोकरीसाठी दूरच्या देशात गेली त्यानंतरचीच ही गोष्ट, त्यामुळे काकांना कारण शोधावं लागलं नाही. एकदा त्यांनी विचारलंही होतं, पोरीची आठवण येते का. बायकोने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलवून हो म्हणाली. तिचीच येते. काकांनी विषय तिथेच सोडला.

आणि ती गेली त्या दिवशी, धावतपळत विमानाने आलेली लेक दारात उभी असताना, चार माणसांसमोर ते बोलून गेले होते, “तुझ्या वाटेकडे डोळे लावून खंगली ती. तू गेलीस तेव्हाच अर्धी गेली होती.”

लेक तेरा दिवस राहिली. परत गेली. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येई. तब्येत, औषधं, हवा, कामाचं कसं काय. चार मिनिटांत बोलणं संपे. आईचा विषय दोघंही काढत नसत.

बायको गेल्यावर वर्षभराने एका सकाळी बाईसाहेब खिडकीत पाय वर करून पडल्या होत्या, तेव्हा काकांना तिच्या पोटावर रुपयाएवढी जागा उघडी दिसली. पांढऱ्या केसांच्या मधोमध गुलाबी कातडी. काकांनी सवयीने भिंग आणलं. मांजरीला ते पसंत पडलं नाही, पण तिने दोन क्षण सोसून घेतलं. केस मुळापासून गळलेले नव्हते. खुंट जागेवर होते आणि प्रत्येक खुंटाचं टोक तुटलेलं होतं. म्हणजे कसर नाही. कोणीतरी घासून घासून तोडलंय. आणि ते कोणीतरी कोण, हे त्यांना त्याच दुपारी दिसलं. बाईसाहेब बायकोच्या खुर्चीत चढल्या, मागचा पाय आकाशाकडे केला आणि पोट चाटायला लागल्या. थांबेचनात. जिभेचा खरखर आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

काका दारातच उभे राहिले. वर्षभर त्यांना वाटत होतं की या घरात रडणारे आपण एकटेच आहोत. दुधाची पिशवी एकच आणायची, चहा एकाचाच टाकायचा, आणि मांजर मात्र जणू काही झालंच नाही अशा थाटात खाऊन-पिऊन फिरतंय, याचा त्यांना मनातून राग होता. आणि ही बिचारी तिच्याच खुर्चीत बसून स्वतःला सोलत होती. त्या दिवसापासून भाडेकरूपणा संपला. काका तिच्याशी बोलायला लागले. दुकान बंद करून वर आले की खुर्चीसमोर स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, “आली ना आठवण? मलापण आली आज.” बाईसाहेब चाटत राहायच्या.

चष्मेवाल्याला त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्याने चेष्टाच केली. मांजरं रडत नाहीत काका, म्हणाला, बशी कोण भरतंय एवढंच बघतात. काकांनी दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

असे पाच महिने गेले. रुपयाची जागा तळहाताएवढी झाली, मग मांड्यांच्या आतल्या बाजूला उतरली. पाठ मात्र पूर्वीसारखीच झुपकेदार, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

काकांचा नवा चष्मा तयार झाला तेव्हा चष्मेवाला तो द्यायला वर आला. खुर्चीतल्या मांजरीकडे त्याने सहज पाहिलं आणि मग वाकून नीट पाहिलं. खुर्चीवरच्या पांढऱ्या चादरीवर गुलाबीसर डाग होता, नखाएवढा.

“हे रक्त आहे काका.”

काका म्हणाले, जास्त चाटलं असेल. दुःख आहे तिला.

चष्मेवाल्याने चष्मा टेबलावर ठेवला. या वेळी तो हसला नाही. “गिऱ्हाईक असा कोट घेऊन आलं असतं तर तुम्ही पाच महिने नुसते बघत बसला असतात?”

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून काका झाकणाच्या टोपलीत मांजर घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण होती, लेकीपेक्षाही लहान असावी. काकांनी टोपली ठेवतानाच सांगून टाकलं की हिची मालकीण गेली, त्या दुःखाने ही केस ओरबाडते. मन थाऱ्यावर येईल असं काही औषध असेल तर द्या.

डॉक्टरने बरं म्हटलं आणि औषध काही लिहिलं नाही. तिने दिवा खाली ओढला. दाट दातांच्या फणीने पाठ विंचरली आणि निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. पिसवा असत्या तर त्यांच्या विष्ठेचे काळे कण ओलाव्याने लालसर फुटले असते, म्हणाली. फुटले नाहीत. मग अंधार करून जांभळ्या दिव्याखाली पोट पाहिलं, नायट्यासाठी. कातडीवरून पातं फिरवून आलेली भुकटी काचेवर घेतली, खरजेचे किडे दिसतात का ते बघायला. चार केस उपटून त्यांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. खाणं बदललंय का, घरात नवीन साबण, नवीन फिनेल, शेजारी नवीन कुत्रं वगैरे, असं एकेक विचारत गेली. काका बघत राहिले. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. भोकाच्या कडा बघणं चाललं होतं. आणि आपण या मांजरीच्या बाबतीत कडा बघून तिथेच थांबलो, हे त्यांच्या लक्षात आलं.

डॉक्टर म्हणाली, “मांजर दुःखानेही पोट चाटतं काका, नाही असं नाही. पण खाजेनेही चाटतं, आणि आत काही दुखत असलं तरी तीच जागा चाटतं. वरून तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून मनावर सगळ्यात शेवटी यायचं. बाकीची दारं वाजवून झाल्यावर.” मग तिने विचारलं, “लघवीला मातीच्या पेटीत किती वेळा जाते?”

काकांना सांगता येईना. पेटी साफ करायचं काम बायकोचं होतं. ती गेल्यावर काका दर सकाळी खोऱ्याने गोळे काढून टाकत. हल्ली गोळे लहान निघत, गोट्यांसारखे. काम कमी झालं म्हणून त्यांना बरंच वाटलं होतं.

डॉक्टरने एक दिवस मोजायला सांगितलं. काका रविवारी सकाळपासून कागद-पेन्सिल घेऊन स्टुलावर बसले. संध्याकाळपर्यंत कागदावर अकरा रेघा झाल्या. प्रत्येक खेपेला बाईसाहेब पेटीत पाठीची कमान करून बसत, बराच वेळ बसत, दोन थेंब होत किंवा होतही नसत. तिथून उठून त्या थेट खुर्चीत येत आणि पोट चाटत. दर खेपेला हाच क्रम. सहाव्या रेघेनंतर काकांनी ‘आठवण आली का’ असं विचारणं बंद केलं.

लेकीचा फोन त्यात येऊन गेला. मांजराचं पोट बिघडलंय, एवढंच त्यांनी सांगितलं.

सोमवारी लघवी तपासली, पोटाचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरने फोटो काचेच्या दिव्यावर लावला आणि पेन्सिलीने दाखवलं. मूत्राशयात दोन खडे होते, वाटाण्याएवढे. बरेच महिने असणार, म्हणाली. ऑपरेशन करावं लागेल, वय बघता थोडा धोका आहे, पण असंच ठेवणं हा त्याहून मोठा. काकांनी सही केली. सही करताना त्यांनी एकच विचारलं, म्हणजे हिला माझ्या बायकोचं काहीच नाही का?

“ते मला कसं कळणार काका,” डॉक्टर हळूच म्हणाली. “हिला दुखत होतं, एवढं मला माहीत आहे.”

जखम बरी होईपर्यंत चाटू द्यायची नव्हती. गळ्यात घालायची नरसाळ्यासारखी कडक प्लॅस्टिकची पट्टी मिळते, पण म्हाताऱ्या मांजरी त्याने घाबरून भिंतीवर आपटतात. काहीजण जुन्या स्वेटरची बाही कापून तिला पायांसाठी चार भोकं पाडतात आणि ती मांजरीला घालतात, ते उत्तम, असं डॉक्टरने सुचवलं. मग हसून म्हणाली, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर त्यातलेच.

घरात काकांचे दोन स्वेटर होते, पण त्यांच्या बाह्या मांजरीला तंबू झाल्या असत्या. अरुंद बाही एकाच स्वेटरची होती. बायकोने स्वतः विणलेला, डाळिंबी रंगाचा, समोर सहा बटणं असलेला. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात तो तिच्या अंगावरून उतरलाच नव्हता. ती गेल्यावर काकांनी तो घडी घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता आणि त्यानंतर घडी मोडली नव्हती.

दुपारची वेळ होती. त्यांनी स्वेटर खाली दुकानात आणला, टेबलावर पसरला आणि बाही कापायची म्हणून दिवा खाली ओढला. डोळे आपोआप समोरच्या बाजूवर गेले.

खालून दुसऱ्या बटणाच्या शेजारी लोकर दबली होती. तळहाताएवढी जागा. टाके चपटे होऊन एकमेकांना चिकटले होते, नमद्यासारखे, आणि मधोमध इतके विरले होते की दिव्यासमोर धरल्यावर उजेड आरपार आला. भोक पडलं नव्हतं. पडायच्या बेतात होतं. काकांनी भिंग लावलं. कसर नव्हे. खिळा नव्हे. आतली बाजू उलटून पाहिली. आतून लोकर बरीचशी नवी होती. म्हणजे झीज बाहेरून. ऊब, घाम आणि दाब. कोणीतरी एकाच जागी महिनोन् महिने हात दाबून धरला होता.

त्यांना खुर्ची दिसली. खुर्चीत ती दिसली, आणि तिचा उजवा हात. तो हात तिथेच असायचा, बेंबीखाली, स्वेटरवर. ते समोर बसून चहा प्यायचे आणि तो हात रोज बघायचे. त्यांना ती बसायची पद्धत वाटली होती. विचारात गढलेल्या बाईची.

मग त्यांनी बटण पाहिलं. बाकीची पाच बटणं स्वेटरच्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेली होती. त्यांनीच लावली होती. हे दुसरं बटण मात्र काळ्या दोऱ्याने लावलेलं होतं, ओबडधोबड, गाठ वर आलेली, आणि जागेवर नव्हतं. दीड बोट बाहेरच्या बाजूला सरकवलेलं होतं. जुन्या जागी दोऱ्याची चार बारीक भोकं तशीच होती. जेवण उडालेल्या, हाडं वर आलेल्या बाईचं पोट तेवढंच वाढत होतं, म्हणून तिने बटण सरकवून घेतलं होतं. रफूवाल्याच्या घरात. खाली दुकानात नवरा दिवसभर सुई घेऊन बसलेला असताना तिने ते त्याच्याकडे दिलं नाही. दिलं असतं तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, कारण काय.

किंवा कदाचित विचारलाच नसता. त्याने विचारलं होतं तेव्हा उत्तरही स्वतःच पुढे केलं होतं, आठवण येते का म्हणून, आणि तिने मान डोलवली होती. तो गिऱ्हाइकांपुढे डोलवायचा तशी.

चष्मेवाला काहीतरी विचारायला दारात आला आणि काकांचा चेहरा बघून परत गेला. जाताना त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाईसाहेब शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांच्या अंगात डाळिंबी रंगाची बाही होती. काकांनी फक्त डावी बाही कापली होती. समोरच्या भागाला कात्री लागू दिली नव्हती. घरी आणल्यावर तिने दोनतीनदा मान वळवून पोट चाटायचा प्रयत्न केला. जिभेला लोकर लागली. तिने वैतागून तोंड फिरवलं आणि झोपून गेली. पुष्कळ तास, हालचाल न करता. पाच महिन्यांत ती अशी झोपलेली काकांनी पाहिली नव्हती. दुःखाने जागणारं या घरात आता पुन्हा एकच माणूस उरलं होतं. आणि मांजराचं तर तसं काही कधी नव्हतंच.

तो गुरुवार होता. काकांनी लेकीला फोन लावला. रविवार सोडून कधी फोन जात नसे, त्यामुळे तिने घाबरूनच उचलला. बाबा, काय झालं, बरे आहात ना, असं भराभर विचारलं. काकांनी आधी मांजराचं सांगितलं. खडे निघाले म्हणून सांगितलं. मग म्हणाले,

“तुझ्या आईचं पोट दुखत होतं. वर्षभर.”

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुझ्यामुळे नाही गेली ती. मी तेव्हा बोललो ते... तसं नव्हतं. तिला दुखत होतं आणि ती हात दाबून बसायची. मी समोर बसलेलो असायचो. मी बघितलं नाही गं.”

त्यांनी स्वेटरचं सांगितलं. दबलेली लोकर, सरकवलेलं बटण, काळा दोरा. रफूच्या भाषेत सांगितलं, कारण दुसरी भाषा त्यांना त्या क्षणी सुचत नव्हती. लेक म्हणाली, “दीड वर्ष झालं बाबा. मी रोज हेच घेऊन झोपते. रोज.” आवाज चढवला नव्हता. त्यामुळे काकांना ते जास्त लागलं.

“माहीत आहे.”

“नाही. तुम्हाला नाही माहीत.”

काकांनी ते मान्य केलं. मग तिने विचारलं, स्वेटर कुठे आहे. काकांनी सांगितलं, माझ्या मांडीवर.

“मला पाठवा. आहे तसा पाठवा. रफू करू नका, आणि ते बटण काढू नका.”

रविवारी तिचा फोन आला नाही. काका दिवसभर फोनजवळ बसून होते, पण मनात तिला दोष दिला नाही. बाईसाहेब खुर्चीत होत्या. बाहीच्या कडेशी, जिथे पोटाचा थोडा भाग उघडा राहत होता, तिथे पांढरी बारीक लव उगवायला लागली होती. बोट फिरवलं तर जेमतेम हाताला लागे.

सोमवारी त्यांनी स्वेटर कागदात बांधायला घेतला. एक बाही नसलेला, समोर विरलेला स्वेटर. बांधण्याआधी चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी त्याला चिठ्ठी टाचली. गिऱ्हाइकाच्या नावापुढे लेकीचं नाव लिहिलं. ‘काम’ या शब्दापुढे ‘काही नाही’ असं लिहिलं. मग ‘कारण’ आलं आणि पेन थांबलं. आधी त्यांनी ‘घासून’ असं लिहिलं. ते खोडलं. शेजारच्या दुकानातून काचा पुसल्याचा आवाज येत होता. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘दुखत होतं. घरात कळलं नाही.’

मग दोरी बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.